‘मोकळे होण्याची’ घाई



संक्रांतीच्या दुसऱ्या दिवशी सायंकाळी आमच्या गल्लीतील एक गृहस्थ माझ्याकडे आले. तिळगुळाची देवघेव झाली, चहा झाला. तरी ते उठेनात. अखेर त्यांनी खिशातून घडी घातलेला एक कागद काढला. त्यांचा मुलगा एकोणीस वर्षांचा, अभियांत्रिकीच्या दुसऱ्या वर्षाला. आदल्या दिवशी गच्चीवर नायलॉन मांजाच्या चक्रीसह तो पोलिसांना सापडला होता. भारतीय न्याय संहितेच्या कलम २२३ खाली, म्हणजे सार्वजनिक अधिकाऱ्याने काढलेला आदेश मोडल्याबद्दल, त्याच्यावर गुन्हा नोंदला गेला होता. “काका, फार काही नाही. न्यायालयात बोलावतील तेव्हा गुन्हा कबूल करू, दंड भरू आणि मोकळे होऊ,” ते म्हणाले.

‘मोकळे होऊ’ हे शब्द ऐकताच माझ्या हातातील कप तसाच राहिला. कारण चार वर्षांपूर्वी हेच शब्द मी माझ्या भाच्याला सांगितले होते. त्या शब्दांची किंमत त्याने काय मोजली, ते या वेळच्या स्तंभात सांगावे, असे तेव्हाच ठरविले. भाच्याची अनुमती घेतली आहे. नाव मात्र त्याचे लिहीत नाही.

२०२० सालचा एप्रिल आपणां सर्वांना आठवत असेल. देशभर टाळेबंदी होती, नागपुरात संचारबंदी होती आणि इतवारीसारखी कधी न निजणारी पेठ दिवसाढवळ्या निर्मनुष्य झाली होती. माझा भाचा तेव्हा एकोणीस वर्षांचा होता. महिनाभर घरात कोंडल्यासारखा झालेला हा मुलगा एका सायंकाळी मित्राच्या मोटारसायकलवर मागे बसून फुटाळा तलावाकडे वारा खायला निघाला. वाटेत दोघे अडविले गेले. पोलिसांनी गाडी ठेवून घेतली, नावे लिहून घेतली आणि तत्कालीन भारतीय दंड विधानाच्या कलम १८८ खाली गुन्हा नोंदविला. मुलांचे चुकले होते, यात शंका नाही. त्या दिवसांत पोलीस स्वतःचा जीव धोक्यात घालून रस्त्यावर उभे होते, हेही विसरता येत नाही.

गाडी परत मिळाली, महिने लोटले, आम्ही विसरलो. २०२१ च्या अखेरीस समन्स आले. माझी ताई घाबरली, भाऊजी संतापले आणि सर्व नातलगांत ‘कागदपत्रांतला जाणकार’ म्हणून मला बोलावणे आले. मी आयुष्यभर सरकारी कचेरीत कागद हाताळले. अर्ज कुठे द्यावा, शिक्का कुठे घ्यावा, हे मला ठाऊक. आणि म्हणून कायदाही ठाऊक, असा माझा समज. राष्ट्रीय लोकअदालतीच्या सुमारास किरकोळ फौजदारी खटले कबुलीवर निकाली काढण्याची मोहीम चालते, हे मी ऐकून होतो. भाच्याला म्हणालो, “एवढ्याशा गोष्टीसाठी तारखांना कशाला जायचे? कबूल कर, दंड भर आणि मोकळा हो.”

तो मोकळा झाला. सिव्हिल लाइन्सच्या जिल्हा न्यायालयात सकाळी गेलो आणि दुपारच्या जेवणाला घरी आलो. न्यायाधीशांनी विचारले, “गुन्हा कबूल आहे का? कोणाच्या दबावाखाली सांगत नाही ना?” तो म्हणाला, “कबूल आहे. नाही.” दंड झाला पाचशे रुपये. पावती मीच घेतली आणि मीच ती जपून ठेवली. दबाव कोणाचा नव्हता. होती ती मामाची घाई. तिच्याविषयी विचारणारा प्रश्न कोणत्याही न्यायालयाच्या प्रश्नावलीत नसतो.

त्याच्यासोबतचा मित्र त्या दिवशी तापाने अंथरुणावर होता, म्हणून न्यायालयात येऊ शकला नाही. त्याला पुढची तारीख मिळाली. आम्हांला त्याची कीव आली.

पुढे २०२२ च्या मार्चअखेरीस तत्कालीन गृहमंत्री दिलीप वळसे पाटील यांनी जाहीर केले की, टाळेबंदीच्या काळात विद्यार्थ्यांवर आणि नागरिकांवर कलम १८८ खाली दाखल झालेले गुन्हे मागे घेतले जातील. नोकरीच्या आणि पासपोर्टच्या पडताळणीत या गुन्ह्यांमुळे तरुणांची अडवणूक होते, ही गोष्ट त्या वेळी चर्चेत होतीच. यथावकाश त्या मित्राचा खटला मागे घेतला गेला. भाच्याचा मात्र नाही. कारण मागे घ्यायला खटलाच शिल्लक नव्हता. फौजदारी कायद्यानुसार सरकारी वकील न्यायालयाच्या संमतीने खटला मागे घेऊ शकतो, परंतु तो निकाल लागण्यापूर्वी. आमचा निकाल लागून गेला होता. एकाच मोटारसायकलवरून निघालेले दोन तरुण: ज्याला ताप आला तो निष्कलंक राहिला आणि जो आज्ञाधारकपणे न्यायालयात उभा राहिला तो ‘दोषसिद्ध’ ठरला.

हा शब्द मी तेव्हा प्रथम नीट वाचला. आपल्या बोलण्यात ‘दंड भरणे’ म्हणजे वाहतूक चौकात पावती फाडण्यासारखी क्रिया. कायद्याच्या भाषेत मात्र न्यायालयापुढे गुन्हा कबूल करून दंड भरणे ही दोषसिद्धी असते. दंड पाचशेचा असो वा पाच लाखांचा. शिवाय, कबुलीवर झालेल्या दोषसिद्धीविरुद्ध अपिलाचे दार जवळजवळ बंद असते. शिक्षा अधिक झाली किंवा ती कायद्याला धरून नाही, एवढेच फार तर म्हणता येते. ‘मी केलेच नव्हते’ किंवा ‘खटलाच नियमाप्रमाणे दाखल झाला नव्हता’, हे म्हणण्याची वेळ टळून गेलेली असते. कलम १८८ च्या बाबतीत हे विशेष लागू पडते. या कलमाखालील गुन्ह्याची न्यायालयाने दखल घ्यायची, तर संबंधित अधिकाऱ्याची लेखी तक्रार आवश्यक होती. ती आमच्या प्रकरणात होती की नव्हती, हे आजही मला ठाऊक नाही. मी विचारलेच नाही. ज्याला घाई असते, तो विचारीत नाही.

२०२३ मध्ये भाच्याची एका सार्वजनिक उपक्रमात निवड झाली. घरात पेढे वाटले गेले. मग साक्षांकन नमुना आला. त्यात एक प्रश्न होता: ‘आपणांस कोणत्याही न्यायालयाने कधी दोषी ठरविले आहे काय? असल्यास तपशील द्यावा.’ त्या रात्री ताईच्या घरी आम्ही सगळे त्या एका ओळीभोवती बसलो होतो. भाऊजी म्हणाले, “पाचशे रुपयांच्या दंडाला कोण शिक्षा म्हणतो? ‘नाही’ लिहून टाक. कोण बघायला येतो?” ताई माझ्याकडे पाहत होती. मी काही बोलणार, इतक्यात भाचा शांतपणे म्हणाला, “मामा, तेव्हा तुम्ही सांगितलंत तिथे मी सही केली. या वेळी मला आधी विचारून येऊ द्या.”

त्याच्या स्वरात राग नव्हता. राग असता, तर मला सोसणे सोपे गेले असते.

दुसऱ्या दिवशी तो एका अनुभवी वकिलांकडे गेला. त्यांनी त्याला जे सांगितले, ते पुढे मी स्वतः वाचून समजून घेतले. सर्वोच्च न्यायालयाच्या तीन न्यायमूर्तींच्या पीठाने २१ जुलै २०१६ रोजी अवतार सिंग विरुद्ध भारत सरकार या प्रकरणात या विषयाचा विस्ताराने ऊहापोह केला आहे. त्याचे सार असे की, अटक, खटला किंवा दोषसिद्धी यांविषयी नोकरीच्या नमुन्यात विचारले असेल, तर दिलेली माहिती खरी असली पाहिजे. प्रकरण क्षुल्लक असेल, तरुण वयात घोषणा दिल्यासारखे असेल, तर माहिती लपविली गेली तरी नियोक्ता आपल्या विवेकाने ती चूक पोटात घालू शकतो. परंतु हा त्याचा विवेक आहे, उमेदवाराचा हक्क नव्हे. आणि खरी माहिती दिली, तरी पूर्ववृत्त तपासण्याचा नियोक्त्याचा अधिकार उरतोच. म्हणजे खरे लिहिले तर वाट पाहावी लागेल. खोटे लिहिले आणि ते उघडे पडले, तर क्षुल्लक चुकीच्या जागी अप्रामाणिकपणा उभा राहील. पोलिसांच्या नोंदी आता संगणकावर असतात. एका ठाण्यातील कागद दुसऱ्या शहरात पोहोचत नाही, हे दिवस गेले.

भाच्याने ‘होय’ लिहिले आणि पाचशे रुपयांच्या पावतीची प्रत जोडली. त्याच्या तुकडीतील सर्वांना नेमणुकीची पत्रे आली; त्याला आले नाही. सात महिने त्या घरात टपालवाल्याची सायकल वाजली की सगळे दाराकडे पाहत. त्या काळात दोनदा त्याला लेखी खुलासा मागितला गेला, एकदा प्रत्यक्ष बोलावले गेले. अखेर नेमणूक मिळाली. आज तो चांगले काम करतो. पण ज्येष्ठतेच्या यादीत त्याचे नाव त्याच्या सोबत्यांच्या खाली आहे आणि निवृत्त होईपर्यंत ते खालीच राहील. परदेशी प्रवासाच्या अर्जात, नव्या नोकरीच्या नमुन्यात, जेथे जेथे तो प्रश्न असेल तेथे तेथे त्याला पुन्हा ‘होय’ लिहावे लागेल.

हे केवळ आमच्याच घरी घडले, असे मानू नये. १९९६ मध्ये सर्वोच्च न्यायालयापुढे हरयाणातील एका सरकारी कर्मचाऱ्याचे प्रकरण आले होते. त्याने किरकोळ गुन्हा कबूल करून अवघा २० रुपये दंड भरला होता आणि त्यावरून त्याची नोकरी गेली. न्यायालयाने त्याच्या बाजूने निकाल तर दिलाच, परंतु संसदेचेही लक्ष वेधले. तरुण आणि अननुभवी माणसे किरकोळ खटल्यांत झटपट दंड भरून मोकळी होतात आणि त्यापायी त्यांचे भवितव्य संपते, अशी खंत त्या निकालात आहे. साधारण २,००० रुपयांपर्यंतचा दंड हा कोणत्याही कारणासाठी दोषसिद्धी मानला जाऊ नये, विशेषतः सरकारी सेवेसाठी, अशी तरतूद करावी, असे न्यायालयाने सुचविले. या गोष्टीला जवळजवळ तीन दशके झाली. २०२४ च्या १ जुलैपासून नवे फौजदारी कायदे आले. जुन्या कलम १८८ चा दंड २०० रुपये, आणि जीविताला धोका असल्यास १,००० रुपयांपर्यंत होता. त्याच्या जागी आलेल्या कलम २२३ मध्ये तो अनुक्रमे २,५०० आणि ५,००० रुपयांपर्यंत गेला. कैदेची मर्यादाही वाढली. पण ती सुचविलेली तरतूद काही आली नाही.

अठरा वर्षांखालील मुलांच्या बाबतीत मात्र आपला कायदा पुष्कळ समंजस आहे. २०१५ च्या बाल न्याय अधिनियमात ‘नव्याने प्रारंभ’ हे तत्त्वच सांगितले आहे. बाल न्याय मंडळ मुलाला उपदेश करून, समज देऊन घरी पाठवू शकते. झालेल्या दोषसिद्धीमुळे मुलाला पुढे कोणतीही अपात्रता येत नाही. नोंदीही ठरावीक काळानंतर नष्ट करायच्या असतात. अतिगंभीर गुन्ह्यात प्रौढ म्हणून खटला चाललेले सोळा वर्षांवरील मूल हा त्याला अपवाद. म्हणजे अठराव्या वाढदिवसाच्या आदल्या दिवशी केलेली आगळीक कायदा विसरतो आणि दुसऱ्या दिवशी केलेली तीच आगळीक जन्मभर लक्षात ठेवतो. एका रात्रीत मुलाला इतके शहाणपण येते, असे मला तरी माझ्या घरात कधी दिसले नाही.

इंग्लंडातही हा प्रश्न निराळ्या रूपाने आला. तेथे किरकोळ गुन्हा कबूल करणाऱ्याला न्यायालयात न नेता पोलीस रीतसर ताकीद देतात. शिक्षा नाही, खटला नाही, म्हणून मुले ती पटकन स्वीकारीत. आणि पुढे शाळेत, रुग्णालयात नोकरी मागायला गेल्यावर तीच ताकीद पडताळणीत वर येई. तेथील सर्वोच्च न्यायालयाने २०१९ मध्ये या पद्धतीवर आक्षेप घेतला आणि २०२० च्या नोव्हेंबरपासून लहान वयात दिलेल्या ताकिदी अशा पडताळणीत आपोआप कळविणे बंद झाले. तिथपर्यंत पोहोचायला कित्येक तरुणांचे उमेदीचे दिवस खर्ची पडले असतील.

मग गुन्हा कबूलच करू नये काय? असे मी म्हणत नाही. प्रलंबित खटला हाही काही सुखाचा सोबती नाही. पासपोर्टसाठी तर तोच मोठा अडसर असतो आणि न्यायालयाची परवानगी आणावी लागते. शिवाय जे आपण केले, ते नाकारावे असा सल्ला या मासिकातून कोणी देऊ नये. आपल्याकडे आलोचनेला मोठे स्थान आहे. पण गुरूंसमोर दोष सांगणारा आपण काय केले हे जाणून सांगतो, त्याचा त्याला पश्चात्ताप असतो आणि मिळणारे प्रायश्चित्तही तो समजून घेतो. आम्ही न्यायालयात केलेल्या कबुलीत यांपैकी काय होते? दुपारचे जेवण चुकू नये, एवढीच तिची प्रेरणा होती. कबुली चांगली, पण ती समजून केलेली असावी.

म्हणून घरातील वडीलधाऱ्यांना माझी विनंती आहे. मुलाच्या हातात समन्स आले की ‘मोकळा हो’ म्हणण्यापूर्वी वकिलाला तीन प्रश्न विचारावेत. पहिला, हा गुन्हा तडजोडीचा आहे काय? असेल आणि तक्रारदार समाधानी असेल, तर कायदेशीर तडजोडीचा परिणाम निर्दोष सुटकेसारखा असतो. ती दंडाच्या पावतीहून सर्वस्वी वेगळी गोष्ट आहे. कलम २२३ सारखे गुन्हे मात्र तडजोडीचे नाहीत. दुसरा, खटला रीतसर दाखल झाला आहे काय, आवश्यक ती लेखी तक्रार आहे काय? आणि तिसरा, कबुली द्यायचीच असेल, तर दंडाऐवजी १९५८ च्या अपराधी परिवीक्षा अधिनियमाचा लाभ मागता येईल काय? पूर्वी दोषी न ठरलेल्या माणसाला दोन वर्षांपर्यंत शिक्षा असलेल्या गुन्ह्यात न्यायालय योग्य समज देऊन सोडू शकते आणि त्याच अधिनियमाच्या कलम १२ नुसार अशा दोषसिद्धीमुळे येणारी अपात्रता लागू होत नाही. नोंद त्याने पुसली जात नाही; विचारल्यास ती सांगावीच लागते. पण पुढचे दार लावले जात नाही. पाचशे रुपये भरण्यापेक्षा न्यायाधीशांचे दोन खडे बोल ऐकून घेणे कितीतरी स्वस्त पडले असते; हे मला तेव्हा कोणी सांगितले नाही, कारण मी कोणाला विचारले नाही. ज्यांना वकिलाचा खर्च झेपत नाही, त्यांनी जिल्हा न्यायालयातील जिल्हा विधी सेवा प्राधिकरणाकडे जावे.

शेजारच्या गृहस्थांना मी हे सर्व सांगितले. ते बराच वेळ कागदाकडे पाहत राहिले. नंतर त्यांच्या मुलालाही बोलावले. त्याला विचारले, “नायलॉन मांजा का घेतलास? त्याच्यावर २०१७ पासून राष्ट्रीय हरित लवादाची बंदी आहे, आपल्या नागपूर खंडपीठानेही स्वतःहून त्याची दखल घेतली आहे, ठाऊक नव्हते?” तो म्हणाला, “ठाऊक होतं काका. सगळेच घेतात.” मग थोडे थांबून म्हणाला, “आज सकाळी मागच्या कडुलिंबावर एक पारवा अडकलेला होता. पंख कापला होता. तो माझ्याच मांजाने असेल का?”

या प्रश्नाचे उत्तर माझ्याकडे नव्हते. पण वडिलांच्या ‘मोकळे होऊ’ या शब्दांपेक्षा मुलाच्या या प्रश्नात मला अधिक आशा दिसली. त्या आठवड्यात त्याने आणि त्याच्या दोन मित्रांनी शिडी लावून गल्लीतील झाडांवरचा मांजा उतरविला. त्याचा एक मोठा गोळा झाला. न्यायालयात त्याचा काही उपयोग होईल, असे त्यांना कोणी सांगितले नव्हते. वकिलांकडे ते पिता-पुत्र पुढच्या सोमवारी जाणार आहेत. काय ठरते ते ठरेल. पण या वेळी सही करण्यापूर्वी तो मुलगा स्वतः वाचील आणि स्वतः विचारील.

भाच्याच्या दंडाची पावती अजून माझ्याच कपाटात आहे. परवा ती त्याला परत द्यायला गेलो, तर तो म्हणाला, “राहू द्या मामा, तुमच्याकडेच. मला प्रत लागली की मागून घेईन.”

ती त्याला पुन्हा लागणार आहे, हे आम्हां दोघांनाही ठाऊक आहे.